डेबिट कार्ड बँकेला परत करू नका, स्वतःच्या ताब्यात घ्या

आलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“माझे वय ६४ आहे. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतन माझ्या खात्यावर जमा होते. मी खटाव तालुक्यातल्या एका गावात राहते, बँक इथून १२ किलोमीटर लांब आहे. खात्यासोबत मिळालेले डेबिट कार्ड मी कधी हाताळलेले नाही. ते पुतण्याकडे असते, पिनही त्यालाच माहीत आहे आणि बँकेत मोबाइल नंबरही त्याचाच दिलेला आहे, कारण खाते उघडले तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता. मुलगा गुणाचा आहे, मागेन तेव्हा पैसे आणून देतो. परंतु गेल्या महिन्यात ३ तारखेला तो ५ हजार रुपये काढायला गेला, तेव्हा मशीनमधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम मात्र गेली. ती १२ तारखेला परत जमा झाली. तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. त्यानंतर पासबुकात एन्ट्री मारून आणली, तर कार्डाचे वार्षिक शुल्कही कापलेले दिसले. हे कार्ड म्हणजे बँकेची उधारी आहे का? मला वाटते, ते परतच करून टाकावे. आणि ठेवायचे म्हटले, तर पुतण्याकडून मागून घेताना त्याला वाईट वाटणार नाही का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, त्याकडे शेवटी येऊ. आधी एवढे सांगते की कार्ड परत करू नका. तुमच्या पैशाला धोका आहे तो कार्ड, पिन आणि मोबाइल नंबर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे, आणि तो दुसरा माणूस कितीही सचोटीचा असला तरी हा धोका तसूभरही कमी होत नाही.

उधारीची शंका आधी दूर करू. डेबिट कार्डाने खर्च होतो तो तुमच्याच बचत खात्यातला पैसा. व्यवहार झाला की रक्कम शिल्लकेतून वजा होते. त्याचे महिनाअखेरीस बिल येत नाही आणि व्याजही लागत नाही. उधारी असते ती क्रेडिट कार्डावर. तिथे दुकानदाराचे पैसे आधी बँक भागवते आणि ठरलेल्या तारखेपर्यंत ते आपण बँकेला फेडायचे असतात. दोन्ही कार्डे दिसायला सारखीच असल्यामुळे हा गोंधळ पुष्कळांचा होतो. तुमच्या कार्डावर बारकाईने पाहिलेत तर कुठेतरी ‘डेबिट’ असे छापलेले दिसेल. त्यावर बहुधा १६ अंकी क्रमांक, कार्डाची मुदत संपण्याचा महिना व वर्ष आणि ३ अंकी सीव्हीव्ही, म्हणजे कार्डाची खातरजमा करणारा गुप्त क्रमांक, असतो. एका कोपऱ्यात रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांपैकी एक नाव असते. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या मशीनवर चालते ते या यंत्रणांमुळे. त्यांपैकी रुपे ही आपल्या देशातली, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१२ मध्ये सुरू केलेली यंत्रणा आहे.

वार्षिक शुल्क हे उधारीचे लक्षण नव्हे. कार्ड पुरवण्याबद्दल बँक ते आकारते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. मात्र हे शुल्क कार्डाच्या प्रकारानुसार बदलते. पुष्कळदा ग्राहकाला न कळताच वरच्या श्रेणीचे कार्ड त्याच्या माथी मारलेले असते. शाखेत गेल्यावर ‘माझे कार्ड कोणत्या प्रकारचे आहे आणि याहून कमी शुल्काचे साधे कार्ड मिळेल का,’ असे स्पष्ट विचारा. विचारण्यात कमीपणा मुळीच नाही.

आता मोबाइल नंबरबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सर्वाधिक खटकली ती हीच गोष्ट. तुमच्या खात्यावर जे काही घडते त्याची वर्दी बँक ज्या नंबरवर देते, तो नंबर तुमचा नाही. पेन्शन जमा झाली, पैसे काढले गेले, शुल्क कापले गेले, यांतले काहीही तुम्हाला पासबुक भरून आणेपर्यंत कळत नाही. हा नुसत्या माहितीचा प्रश्न नाही. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले, तर बँकेला किती दिवसांत कळवले यावर ग्राहकाचे नुकसान किती भरून मिळणार हे ठरते, आणि ते दिवस बँकेचा संदेश मिळाल्यापासून मोजले जातात. संदेश पुतण्याच्या फोनवर आला आणि तो चार दिवस शेतीच्या कामात किंवा परगावी असला, तर मुदत तुमची संपते. शिवाय कार्डावरचे शेवटचे ६ अंक, कार्डाची मुदत आणि त्या नंबरवर येणारा ओटीपी एवढ्या सामग्रीवर फोनमध्ये यूपीआय सुरू करता येते. म्हणजे ज्याच्याकडे तुमचे कार्ड आणि नोंदवलेले सिम आहे, त्याचा फोन हरवला किंवा चुकीच्या हाती पडला तरी तुमचे खाते उघडे पडू शकते. तुम्हाला यासाठी महागडा फोन घ्यायची गरज नाही. साधा बटणांचा फोन आणि तुमच्या नावावरचे सिम पुरेसे आहे, कारण संदेश त्यावरही येतात.

पिनबद्दल मी जरा कठोरपणे लिहीत आहे, राग मानू नये. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही करून ती पासबुकासह दुसऱ्याच्या हाती सोपवणे आणि कार्डासोबत पिन सांगून ठेवणे यांत काहीही फरक नाही. रक्कम किती, वेळ कोणती, मशीन कुठले, हे सगळे समोरचा ठरवतो आणि व्यवहार मात्र तुमचा म्हणून नोंदला जातो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी स्पष्ट केलेली आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणी लबाडी केली, आणि ग्राहकाने संदेश मिळाल्याचा दिवस सोडून ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवले तर साधारण बचत खात्यावर त्याची जबाबदारी एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १० हजार रुपयांपर्यंत मर्यादित राहते. त्यापुढे बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. मात्र पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाच्याच पदरात पडते. जवळच्या नातलगासाठी त्यात सूट दिलेली नाही.

हा कागदावरचाच नियम आहे असे समजू नका. २०१३ मध्ये बेंगळुरूच्या एका महिलेने बाळंतपणाच्या रजेवर असताना पतीला कार्ड आणि पिन देऊन २५ हजार रुपये काढायला पाठवले. मशीनमधून पावती आली, नोटा आल्या नाहीत, खात्यातून रक्कम मात्र गेली. तक्रार ग्राहक मंचापर्यंत पोहोचली. कार्ड खातेदाराव्यतिरिक्त कोणी वापरायचेच नसते, असा मुद्दा बँकेने मांडला आणि २०१८ मध्ये मंचाने तो मान्य करून निकाल बँकेच्या बाजूने दिला. पती आणि पत्नी यांच्या बाबतीत जर हे घडले, तर काकू आणि पुतण्या यांच्या बाबतीत वेगळे काही घडेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तुमचा प्रसंग नेमका तसाच होता. तुमचे पैसे परत आले, हे चांगले झाले.

त्या पैशांबद्दल तुम्हाला आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी, कारण तीत तुमचा हक्क आहे. असे होते ते बहुतेक वेळा नोटा मशीनमध्ये अडकल्यामुळे किंवा मधला संपर्क तुटल्यामुळे. खात्यातून रक्कम वजा करण्याचा आदेश आधीच गेलेला असतो आणि नोटा मात्र बाहेर पडत नाहीत. पुढे मशीनमधल्या रोकडीचा ताळा जमवताना ती रक्कम जास्तीची निघते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत खात्यात परत जमा झाली पाहिजे, आणि त्याहून उशीर झाल्यास दर दिवसामागे १०० रुपये भरपाई बँकेने ग्राहकाने न मागताही द्यायची असते. तुमचा व्यवहार ३ तारखेचा, म्हणजे मुदत ८ तारखेपर्यंत होती. रक्कम १२ तारखेला आली, म्हणजे उशीर ४ दिवसांचा झाला. हे ४०० रुपये जमा झालेले आहेत का, हे पासबुकात पाहा. झाले नसतील तर शाखा व्यवस्थापकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पैसे काढायला कोण गेले होते, असे विचारले तर खरे तेच सांगा. पैसे दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये अडकले असले तरी तक्रार आपले खाते असलेल्या बँकेकडेच करायची असते, त्या मशीनच्या बँकेकडे खेटे घालू नयेत. तक्रार देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. त्यासंबंधीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

मशीनमधून पैसे काढणे तुम्हाला वाटते तितके कठीण नाही. कार्ड आत सरकवले की पडद्यावर भाषा विचारली जाते. आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर मराठी असते, ती निवडा. मग एका हाताने कीपॅड झाकून पिन दाबा, बचत खाते निवडा, रक्कम टाका आणि नोटा तिथेच मोजून घ्या. काही मशीनमध्ये कार्ड व्यवहार संपेपर्यंत आतच अडकून राहते. ते ओढून काढायचा प्रयत्न करू नका, व्यवहार झाला की सुटते. ‘मी मदत करतो’ म्हणत पाठीशी येणाऱ्या अनोळखी माणसाला स्पष्टपणे बाहेर थांबायला सांगा, मग तो कितीही सभ्य दिसो. मदत करण्याच्या निमित्ताने कार्ड बदलून तसेच दिसणारे दुसरे हाती देण्याचे प्रकार सर्रास घडतात, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी कार्डावरचे नाव वाचून पाहायची सवय लावून घ्या. पिन लागोपाठ ३ वेळा चुकला तर बहुतेक बँकांत कार्ड काही काळ अडते, त्याने घाबरून जायचे कारण नाही. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर महिन्याला ५ व्यवहार विनाशुल्क असतात. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर तुमच्या भागात ५, तर मुंबईसारख्या महानगरात ३. त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि त्यावर कर लागू शकतो. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार मोजला जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

कार्डाचा याहून अधिक उपयोग मला वाटतो तो दुकानात. औषधे, किराणा, चष्मा, दवाखान्याचे बिल यांसाठी १२ किलोमीटर जाऊन रोकड काढून आणायची आणि ती घरात सांभाळायची, यापेक्षा दुकानातल्या स्वाइप मशीनवर कार्ड वापरणे अधिक सुरक्षित आहे, आणि कोणाला किती दिले याची नोंदही पासबुकात आपोआप राहते. तिथे दोन गोष्टींचा आग्रह धरा. मशीन तुमच्या हातात घ्या आणि त्यावर आलेली रक्कम वाचूनच पिन दाबा. दुकानदार ‘पिन सांगा, मी टाकतो’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्या. दुसरे असे की ‘कार्डाने दिले तर २ टक्के जास्त लागतील’ असे सांगणाऱ्या दुकानदाराला ते सांगण्याचा अधिकार नाही. रुपे डेबिट कार्डावर तर जानेवारी २०२० पासून दुकानदारालाही कार्ड स्वीकारण्याचे शुल्क पडत नाही, आणि अन्य कार्डांवर जे पडते ते त्याने गिऱ्हाइकावर ढकलायचे नसते. काही दुकानांत याच मशीनवर कार्ड वापरून दिवसाला २ हजार रुपयांपर्यंत रोख रक्कमही मिळते आणि तिच्यावरचे शुल्क १ टक्क्यापेक्षा अधिक असू शकत नाही. तुमच्या जवळपास अशी सोय आहे का, याची चौकशी करून ठेवा.

कार्ड यंत्रात न घालता नुसते टेकवूनही ५ हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. तुमच्या गरजा पाहता ही सोय बंद ठेवावी, असे माझे मत आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या आदेशामुळे नवे कार्ड सुरुवातीला देशातले एटीएम आणि दुकानातली मशीन एवढ्यापुरतेच चालू असते. ऑनलाइन खरेदी, परदेशातील वापर आणि टेकवून पैसे देणे या सोयी ग्राहकाने मागितल्या तरच सुरू होतात. तुमच्या कार्डावर त्या कोणी सुरू केलेल्या आहेत का हे शाखेत विचारा, असल्यास बंद करायला सांगा, आणि दिवसाला काढता येणारी कमाल रक्कमही तुमच्या गरजेइतकीच ठरवून घ्या. माझा आणखी एक आग्रह आहे. कार्ड जोडलेल्या खात्यात दोन-तीन महिन्यांच्या खर्चापुरतीच रक्कम राहू द्या आणि उरलेली मुदत ठेवीत टाका. निवृत्तिवेतनाचे सगळे पैसे एकाच खात्यात साचू देण्यात शहाणपण नाही.

नंबर तुमचा झाला की फसवणुकीचे फोनही तुम्हालाच येतील, याची तयारी ठेवा. ‘तुमचे कार्ड आज बंद होणार आहे, केवायसी राहिले आहे, आलेला क्रमांक सांगा’ असे कोणी म्हणाले की फोन तिथेच ठेवा. बँकेचा माणूस पिन, ओटीपी किंवा कार्डामागचा ३ अंकी क्रमांक कधीही विचारत नाही. न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला, तर सकाळची वाट न पाहता बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर कार्ड ब्लॉक करायला सांगा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता जास्त असते. बँकेचा तो क्रमांक कार्डाच्या मागे असतो. परंतु कार्डच हरवले तर तो सापडणार नाही, म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. पिन मात्र कुठेही लिहू नका, पासबुकातही नको आणि कार्डाच्या पाकिटावरही नको.

आता पुतण्याविषयी. तुमच्या लिहिण्यावरून तो तुमची काळजी घेणारा मुलगा दिसतो, आणि म्हणूनच हे त्याच्या भल्यासाठीही करायला हवे. उद्या खात्यातून काही रक्कम गेली आणि ती कोणी काढली हे समजले नाही, तर भावकीत पहिले बोट त्याच्याकडे वळेल, कारण कार्ड, पिन आणि फोन हे सगळे त्याच्याकडे आहे. त्याच्याकडे ‘मी नाही काढले’ याचा पुरावाही नसेल. ज्याने इतकी वर्षे तुमच्यासाठी खेपा घातल्या त्याच्यावर असे बालंट येऊ देऊ नये. बँकेने सक्ती केली आहे, अशी खोटी सबब सांगू नका; ती कधीतरी उघडी पडते आणि मग मन जास्त दुखावते. त्याला समोर बसवून सरळ सांगा की तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, परंतु हे व्यवहार आता मला स्वतःला यायला हवेत आणि तूच मला ते शिकव. त्याच्यासोबत मशीनवर जा, तो शेजारी उभा राहून सांगू दे, बटणे तुम्ही दाबा, आणि पिन दाबताना त्याने तोंड फिरवावे. दोन-चार वेळा असे झाले की त्याचे मन साफ राहील आणि तुमची भीडही चेपेल.

तुम्ही आजारी असाल, बाहेर पडता येत नसेल, तेव्हा काय करायचे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्यासाठी चेकबुक घेऊन ठेवा. त्याच्या नावाने ठराविक रकमेचा चेक लिहून, सही करून दिला की तो जाऊन तेवढेच पैसे आणू शकतो. यात रक्कम तुम्ही ठरवलेली असते, सही तुमची असते आणि पैसे कोणी घेतले याची नोंद बँकेकडे राहते, त्यामुळे पुढे कोणालाच कोणाला जाब विचारावा लागत नाही. खाते त्याच्यासोबत संयुक्त करण्याचा सल्ला तुम्हाला कदाचित कोणी देईल. निवृत्तिवेतनाच्या खात्याबाबत तो मला पसंत नाही, कारण त्यातून पुढे वारसाहक्काचे वाद उभे राहू शकतात. खात्याला वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, केलेले आहे का, हे मात्र याच खेपेत तपासून घ्या.

शाखेत जाताना पासबुक, आधार कार्ड, पॅन कार्ड असल्यास ते, आणि तुमचा फोन सोबत न्या. आधी मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज द्या आणि जुन्या नंबरवर यूपीआय सुरू असेल तर ते बंद करायला त्याच वेळी सांगा. नवा पिन त्या दिवशी लगेच घ्यायची घाई करू नका. नंबर बदलल्याचा संदेश तुमच्या फोनवर आल्यानंतरच तो घ्या, कारण नव्या पिनसाठीचा ओटीपी बँकेत नोंदवलेल्या नंबरवरच येतो.